मी हलका होतो म्हणून

टप्.

दुपारच्या सामसूम घरात ओल्या चादरीतून एक थेंब फरशीवर पडला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा, टप्.

मित्रांनो, ही चादर माझ्या खांद्यावर वाळते आहे. मी एक जुना स्टँड आहे. कपडे वाळत घालायचा नव्हे हं, तसा गैरसमज नको. मी पडद्याचा स्टँड आहे. फोटोत माणसांच्या मागे जो साधा एकरंगी पडदा दिसतो, तो काही हवेत आपोआप उभा राहत नाही. त्याला दोन बाजूंना दोन पाय लागतात आणि वर एक आडवी दांडी. ते दोन पाय आणि ती दांडी म्हणजे मी. आता माझा डावा पाय सुतळीने बांधलेला आहे आणि उजवा खिडकीच्या गजाला टेकवलेला आहे. दांडीवर आज एक चादर, दोन टॉवेल आणि शाळेचा एक लहानसा फ्रॉक आहे. एवढं वजन मला पेलतं. यापेक्षा जास्त मला कधीच पेललं नाही, आणि ते कोणी पेललं, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. नळ्या कापणारी करवत तिथे दिवसभर किंचाळत असे. तिथे दोन तऱ्हांचे स्टँड बनत. एक जाड नळीचा आणि काळ्या रंगाचा, दुसरा पातळ नळीचा आणि चकचकीत. मी चकचकीत होतो आणि मला त्याचा फार अभिमान होता. आमच्या नळ्या एकीत एक सरकतात. हव्या त्या उंचीला आणून त्या आवळायच्या असतात. जिथे आवळायच्या तिथे एक कडं असतं. काळ्याचं कडं लोखंडी होतं आणि माझं प्लास्टिकचं. तपासणाऱ्या माणसाने मला एका बोटाने ढकललं, तसा मी डुलायला लागलो.

"हा डुलतोय हो," तो म्हणाला.

"डुलू दे," त्याचा साहेब म्हणाला. "विकला गेला की आपल्याला कुठे दिसणार आहे?"

अशा रीतीने मी पास झालो.

दुकानात मी आणि काळा एकाच कोपऱ्यात शेजारीशेजारी उभे होतो. एका सकाळी ते दोघं आले. त्यांच्या लग्नाला तीन महिने झाले होते. तो फोटोग्राफर होता. घरोघरी, शाळांत, कचेऱ्यांत जाऊन फोटो काढायचं काम त्याने नुकतंच सुरू केलं होतं, म्हणून त्याला सहज नेता येईल असा स्टँड हवा होता. तो दुकानदाराशी गप्पा मारत बसला. ती मात्र सरळ आमच्याकडे आली. लग्नाआधी ती तिच्या मामाच्या स्टुडिओत काम करायची, हे मला नंतर कळलं. पण तिच्या हातांना आमची ओळख आहे, हे मला तेव्हाच समजलं.

तिने आधी आम्हाला पूर्ण उंचीपर्यंत ताणलं. "अर्ध्या उंचीवर सगळेच शहाणे दिसतात," ती म्हणाली. मग आमचे पाय किती फाकतात ते पाहिलं. मग दांडीच्या बरोबर मधोमध तळहात ठेवून दाबलं. काळा होता तसाच राहिला आणि मी वाकलो. मग तिने आमच्या वरच्या टोकाला हलकासा धक्का दिला आणि ओठांतल्या ओठांत अंक मोजले. काळा दोनपर्यंत थांबला. मी नऊ झाले तरी डुलतच होतो. शेवटी तिने माझ्या कड्यावर नख वाजवलं.

"हे प्लास्टिक आहे. आज ना उद्या तडकणार."

मग तिने काळ्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि दुकानाच्या दारापर्यंत चालत जाऊन परत आली. "थोडा जड आहे, पण नेता येतो. अहो, हा घेऊया."

दुकानदार खूश झाला. "साहेब, वहिनींची नजर पक्की आहे हो! आता कॅमेरापण त्यांच्याच हातात द्या आणि तुम्ही बसा आरामात."

तो गमतीने बोलला होता. पण फोटोग्राफरच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे वाळलं. त्याने काळ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि माझ्यावर बोट ठेवलं.

"हा द्या."

"अहो, पण हा डुलतो."

"डुलला तर धरायला तू आहेसच की."

दुकानदार हसला. तीही हसली, कारण नव्या संसारात नवऱ्याच्या विनोदाला हसायचं असतं असं तिला वाटत होतं. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. काळ्याला सोडून त्यांनी मला घेतलं होतं. का घेतलं, हा विचार मी केला नाही.

घरी आल्यावर तिने एका जुन्या विजारीचे पाय कापून दोन पिशव्या शिवल्या आणि त्यांत वाळू भरली. हलक्या स्टँडच्या पायांवर अशी वजनं टाकली की तो हलत नाही. आमच्या धंद्यातलं हे साधं शहाणपण आहे. पहिल्या कामाला त्या पिशव्या माझ्या पायांवर होत्या, आणि मी राजासारखा उभा राहिलो. पण परत येताना जिन्यात तो थांबला. त्याच्या हातात फक्त कॅमेरा होता. मी तिच्या पाठीवर होतो आणि दोन्ही पिशव्या तिच्या दोन हातांत होत्या.

"वाळूही वाहायची आणि तुलाही न्यायचं, एका कामाला दोन दोन वजनं कशाला?" तो म्हणाला. त्याने दोन्ही पिशव्या घेतल्या, खालच्या फुलझाडांच्या वाफ्यात उलट्या केल्या आणि हात झटकले. "आजपासून तूच पिशवी."

त्या दिवसापासून तिचं तेच नाव पडलं. "पिशवी, डावीकडे!" "पिशवी, झोपलीस का?" ऐकणाऱ्यांना आधी कळत नसे. मग तो समजावून सांगे आणि सगळे हसत. काहीजण म्हणत, "काय हो वहिनी, साहेब फार गमती दिसतात." ती पडद्यामागून म्हणे, "हो, फार."

पडद्यामागची जागा तुम्ही कोणी पाहिली नसेल. भिंत आणि पडदा यांच्यामध्ये हातभर बोळ असतो. तिथे उकडतं, आणि कापडाचा वास नाकात बसतो. माझा उजवा पाय कपाटाला नाहीतर भिंतीला टेकवून भागायचं. डावा तिच्या हातात असे. ती माझ्या त्या प्लास्टिकच्या कड्याभोवती मूठ आवळून उभी राही, श्वास हळू सोडी, कारण जोरात सोडला तर कापड हले. एका घरी तासभर, शाळेत गेलो तर पाच तास. शाळेतल्या पाच तासांत तीनशे मुलं पडद्यापुढे येऊन बसत आणि त्यांतल्या एकालाही ती दिसत नसे.

पण तिचा आवाज त्यांना ऐकू येई. रडवेलं मूल स्टुलावर बसलं, की पडद्यामागून मांजराचं पिल्लू बोले, "म्याव, माझा फोटो काढणार का?" मूल दचके, मागे वळे, पडदाच बघे आणि खुदकन हसे. तेवढ्यात खटका दाबला जाई. त्याच्या फोटोंतली मुलं हसतात, म्हणून गावभर त्याचं नाव झालं. "तुमच्या हातात जादू आहे," आया म्हणत. एका मुख्याध्यापकांनी तर माझंही कौतुक केलं. "स्टँड भक्कम दिसतोय. वारा आहे, पण जरासुद्धा हलत नाही."

मी ते कौतुक ठेवून घेतलं. मला तोंड नाही, ही सबब मी स्वतःला तेव्हाही देत होतो आणि आजही देतो आहे. खरं सांगायचं तर मला तिच्या हाताची सवय लागली होती. तिच्या मुठीत मी भक्कम होतो, आणि ती मूठ माझी नाही, हे मी सोयीने विसरलो होतो.

तिला दिवस गेले तेव्हाही ती पडद्यामागेच उभी असे. सातव्या महिन्यात एका घरी सगळं कुटुंब फोटोला बसलं होतं. त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि ओरडला, "पिशवी, पोट आत घे! पडद्याला पोट आलंय!" ते सगळं कुटुंब इतकं हसलं, की तो फोटो फार छान आला. त्यांनी तो मोठा करून भिंतीवर लावला. ते लोक इतके मोकळेपणी कशाला हसत आहेत, हे त्या भिंतीला ठाऊक नाही.

मुलगी झाली. मुलगी महिन्याची असताना एकदा तिला पाजता पाजता आई त्याला म्हणाली, "अहो, आमच्या दोघींचा एक फोटो काढाल? माझ्याकडे माझ्या आईचा एकही नाही. ती दिसायची कशी, हे मला लोकांना विचारावं लागतं. हिच्याकडे असू दे."

"काढू की," तो म्हणाला. "घरचंच तर काम आहे, कधीही होईल."

मित्रांनो, घरातल्या फोनने फोटो काढला असता, असं तुम्ही म्हणाल. त्या वेळचा फोन भिंतीवर टांगलेला होता आणि त्याच्या वायरीने फार तर मोरीच्या दारापर्यंत जाता येई. फोटो रोलवर निघत, आणि रोल त्याच्या कुलपात असत.

मुलगी दोन वर्षांची झाली, तीन वर्षांची झाली. तिचे फोटो निघाले. बाबांच्या खांद्यावर, आजीच्या मांडीवर, आत्याच्या कडेवर. प्रत्येक फोटोत मागे मी होतो आणि माझ्या मागे तिची आई होती. एकदा कोणा पाहुण्याने मुलीला विचारलं, "आई कुठे गेली गं?" मुलीने पडद्याकडे बोट केलं आणि बाबांच्याच सुरात म्हणाली, "पिशवी ना? ती आत आहे."

सगळ्यांनी तिचे गालगुच्चे घेतले. किती गोड बोलते म्हणाले. त्या क्षणी माझ्या कड्यावरची मूठ जरा सैल झाली आणि मी डुललो. "पिशवी!" तो ओरडला. मूठ पुन्हा आवळली गेली.

मुलगी चार वर्षांची असताना धाकटा दीर लांबच्या गावी नोकरीला निघाला, म्हणून सगळ्या घराचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. खोलीत इतकी माणसं मावेनात, तेव्हा गच्चीवर मांडामांड झाली. कॅमेऱ्याला एक खटका असतो. तो फिरवला की कॅमेरा दहा सेकंद घरघरतो आणि मग आपोआप फोटो काढतो. त्यामुळे त्या दिवशी फोटोग्राफरलाही फोटोत बसता येणार होतं. म्हणजे कोणीच बाहेर राहायचं कारण नव्हतं. तिने ठेवणीतले कपडे घातले होते आणि केसांत वेळ घालवला होता. गच्चीच्या कोपऱ्यात तिने चार विटा आणि दोरी आधीच आणून ठेवली होती.

"अहो, वारा आहे, पण या विटा याच्या पायांना बांधते. मग तो हलायचा नाही."

"विटा?" तो म्हणाला. "फोटो काढायचाय की भिंत बांधायचीय?"

दीर खो खो हसला. मुलगी पुढच्या रांगेत सतरंजीवर बसली होती. ती शेजारच्या जागेवर तळवा आपटत म्हणाली, "आई, इकडे! मी जागा धरलीये."

"फोटोत विटा दिसतील," तो म्हणाला. त्या पडद्यामागे होत्या. त्या दिसल्या नसत्या. हे त्यालाही माहीत होतं. "मागे जा."

ती हलली नाही. मग थोरली नणंद पदर सारखा करत म्हणाली, "अगं वहिनी, जा ना, उगाच खोळंबा नको. आणि तुझं काय अडलंय? फोटो आठवणीसाठी असतो. तू तर घरचीच, तू कुठे जाणारेस?"

सासूबाई मुलीला म्हणाल्या, "सरक गं मधे. ती मोकळी जागा वाईट दिसेल."

ती मागे आली. तिने माझं कडं धरलं. तिचा हात घामाने कड्यावरून निसटत होता. तो निसटला असता तर मी डुललो असतो, म्हणून तिने पडद्याच्या कडेवरून बोटं पुढे काढून मला घट्ट पकडलं. घरघर झाली आणि फोटो निघाला.

मोठी प्रत घरी आली तेव्हा नणंदेने पहिल्यांदा पाहिलं. "अय्या, हे काय? पडद्यावर पाल बसलीये का?"

त्याने जवळ नेऊन पाहिलं. "पाल कुठली! बोटं आहेत तिची. थांब, कापून टाकतो."

त्याने पट्टी लावली आणि पात्याने फोटोची ती कड सरळ कापली. मुलगी तिथेच खेळत होती. ती उठली आणि स्वयंपाकघराकडे धावत सुटली. आई भांडी घासत होती. मुलीने तिचा साबणाने भरलेला हात ओढून घेतला, पाच बोटं मोजली, मग दुसरा हात ओढून त्याचीही मोजली. "आहेत," ती धापा टाकत म्हणाली. "सगळी आहेत." आईला काही कळेना. बाहेर सगळे हसत होते.

त्या फोटोत पुढच्या रांगेत एक मुलगी बसली आहे. ती मधे सरकली नव्हती. तिचा तळवा रिकाम्या सतरंजीवर आहे.

मुलगी शाळेत जायला लागली. पहिल्याच वर्षी बाईंनी वहीत एक पान करायला सांगितलं, 'माझी आई'. खाली पाच वाक्यं आणि वर आईबरोबरचा एक फोटो. सोमवारपर्यंत.

"अहो, शाळेत फोटो हवाय. आमच्या दोघींचा," तिने सांगितलं.

"एका फोटोसाठी सगळं मांडू? जुन्यातला दे एखादा."

"जुन्यांत मी नाहीये."

त्याने पेपरातून डोकं वर काढलं नाही. "मग बाबांबरोबरचा चिकटव म्हणावं. बाबा तरी आहेत ना फोटोत."

शनिवारी तो एका कचेरीत ओळखपत्रांचे फोटो काढायला गेला. तिथली भिंत पांढरी होती, म्हणून मी आणि ती घरी राहिलो. जुना कॅमेरा कपाटात होता, आणि त्यात अर्धा रोल शिल्लक होता.

मित्रांनो, त्या दुपारी मी तिला पहिल्यांदाच तिचं काम करताना पाहिलं. तिने निळा पडदा इस्त्री केला. त्याच चार विटा माझ्या पायांना बांधल्या. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून मऊ होईपर्यंत थांबली. मुलीला स्टुलावर बसवलं, स्वतःच्या जागी एक उशी उभी ठेवली, आणि कॅमेऱ्यातून त्या उशीवर नेम धरला, कारण तिथे तिचा चेहरा येणार होता. मग उशी काढली. आरशापुढे उभी राहिली, केसांवरून हात फिरवला. "हसायचं का?" मुलीने विचारलं. "हसू आलं तर हस," ती म्हणाली.

तिने खटका फिरवला. घरघर सुरू झाली. ती धावत आली, बसली, मुलीला जवळ ओढून तिच्या गालाला गाल लावला. सात वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्यापुढे होती. सात वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावर कोणाचा हात नव्हता.

तिची एक चूक झाली होती, आणि ती चूक तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून झालीच नसती. मला कसं पारखायचं, हे तिला ठाऊक होतं. माझं कडं तडकणार, हे तिने दुकानातच सांगितलं होतं. पण ते तडकलं केव्हा, हे तिला कळलं नाही, कारण ती चीर सात वर्षं तिच्याच मुठीखाली होती. ती मूठच माझं कडं झाली होती. तिने पायांना विटा बांधल्या, आणि पाय तर ठीकच होते.

मी उभा राहिलो. जिवाच्या आकांताने उभा राहिलो. तीन सेकंद, चार, पाच. एवढे दहा सेकंद, मी मनात म्हणत होतो, मग मोडलो तरी चालेल. सातव्या सेकंदाला कड्यातून 'कट्' असा आवाज आला. नळी खाली सरकली, दांडी तिरकी झाली आणि मुलीच्या डोक्याच्या रोखाने निघाली.

तिने ती पाहिली नाही, तिने आवाज ऐकला. तो आवाज कुठून आला, हे कळायला तिला वळावं लागलं नाही. तिने एका हाताने मुलीला बाजूला सारलं, दुसरा वर करून दांडी झेलली, आणि सगळा निळा पडदा तिच्यावर कोसळला.

खट्. फोटो निघाला.

मुलगी खिदळत होती. "आई भूत झाली! आई भूत झाली!" पडद्याखालून आई बाहेर आली तेव्हा तिच्या भुवईतून रक्त येत होतं. तिने आधी मुलीचं डोकं चाचपलं. मग स्वतःच्या कपाळाला हात लावला. मग माझं फुटलेलं कडं उचलून उन्हात धरलं आणि त्या चिरेकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. चिरेच्या कडा जुन्या आणि काळपट होत्या. मला वाटलं, आता ती मला लाथ मारेल. मित्रांनो, तिने मारली असती तर बरं झालं असतं. तिने मला नीट घडी घालून पिशवीत ठेवलं.

संध्याकाळी तो आला. त्याने आधी कॅमेरा पाहिला, मग पडदा पाहिला, मग मला. तिच्या कपाळावरची पट्टी त्याने सगळ्यांत शेवटी पाहिली.

"पडदा मळला," तो म्हणाला. "एकच काम होतं तुला. धरायचं. तेही सोडून बसायला गेलीस."

सोमवारी मुलगी वहीतलं पान कोरं घेऊन गेली. काही दिवसांनी रोल संपला, धुतला गेला, आणि तो फोटो त्याला सापडला. त्यात एक लहान मुलगी तोंडभर हसते आहे आणि तिच्या शेजारी माणसाच्या आकाराचा एक निळा ढीग आहे. त्यातून एक हात वर आला आहे. चेहरा कुठेच नाही. त्याने त्याची प्रत काढली. घरात नणंद आणि सासूबाई होत्या. त्याने ती त्यांच्यासमोर टाकली.

"बघा. पिशवी फाटली."

नणंद तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

त्याच आठवड्यात तो नवा स्टँड घेऊन आला. जाड नळी, काळा रंग, लोखंडी कडं. माझा कोपऱ्यातला जुना सोबतीच म्हणा ना! त्याने तो दिवाणखान्यात ताणून उभा केला आणि आपल्या वडिलांना समजावून सांगितलं, "पूर्ण उंचीवर बघायचा असतो. अर्ध्यावर काय, सगळेच शहाणे दिसतात. मग मधोमध दाबून बघायचं. धक्का देऊन मोजायचं." ती दारात उभी राहून ऐकत होती. आपलेच शब्द ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. काहीच होत नाही.

मला वाटलं, भक्कम स्टँड आला, आता ती पडद्यापुढे येईल. मी किती बावळट! आता पडद्यामागे कोणी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. दुसऱ्या दिवशी तो एकटाच कामाला गेला. "तू कशाला आता?" तो म्हणाला. काळा सोबत जातो, पडदा कुठेही हलत नाही. फक्त फोटोंतली मुलं आता हसत नाहीत. घरी येऊन तो चिडतो, "हल्लीची पोरंच रडकी." पडद्यामागून मांजर का बोलत नाही, हे त्याला कोणी सांगत नाही. ती तर नाहीच नाही.

माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे तुटक्या पंख्याशेजारी वर्षभर धूळ खाल्ली. मग एकदा कपडे वाळेनात, तेव्हा तिनेच मला खाली काढलं, फडक्याने पुसलं आणि माझ्या फुटक्या कड्यावर सुतळी गुंडाळली. एकेक वेढा ओढून, घट्ट. पूर्वी तिची मूठ जिथे असायची, बरोबर तिथे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनंती करतात, की आम्हाला जपा, पुसा, अडगळीत टाकू नका. मी माझ्यासाठी काही मागत नाही. तुम्ही कधी स्टँड घ्यायला गेलात, तर त्याला पूर्ण ताणा, मधोमध दाबा, धक्का द्या, कड्यावर नख वाजवा. खांद्यावर घेऊन चार पावलं चालून बघा. आणि दुकानात कोणी म्हणालं, "डुलला तर धरायला ती आहेच," तर तो स्टँड तिथेच ठेवा आणि ती कोण, ते वळून बघा. हलक्या वस्तूचं वजन कमी नसतं. ते फक्त दुसऱ्या कोणावर तरी पडतं.

टप्.

मुलगी शाळेतून आली आहे. दप्तर टाकून ती ओल्या चादरीमागे शिरली आणि माझा डावा पाय धरून ओरडली, "कूऽऽ!" तिच्या चिमुकल्या मुठीत सुतळीचे अर्धेच वेढे मावतात. मी डुललो. आई खाली बसून कपड्यांच्या घड्या घालते आहे. तिने वर बघितलं, उठली, चादर बाजूला केली आणि म्हणाली, "सापडलीस!"

मुलगी हसत बाहेर आली. मग तिला काहीतरी आठवलं. तिने दप्तरातून गेल्या वर्षीची वही काढली. "बाईंनी आज जुन्या वह्या परत दिल्या."

तिने पान उघडलं. 'माझी आई'. त्यावर तो फोटो मागाहून कधीतरी चिकटवलेला होता, हसणारी मुलगी आणि निळा ढीग. त्याखाली फोटोची एक अरुंद पट्टी होती. पात्याने कापलेली, कचऱ्याच्या डब्यातून उचललेली, इतके दिवस कुठेतरी जपून ठेवलेली. त्या पट्टीवर चार बोटं होती. आईने ती पट्टी पाहिली आणि तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

पानाच्या कडेला बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, 'फोटोत आई कुठे आहे?'

"मी बाईंना सांगितलं," मुलगी म्हणाली. "आई आहे म्हटलं, पण लपलीये. माझी आई सगळ्या फोटोंत लपलेली असते. हे बघ, इथे बोटं दिसतायत तुझी."

"हो," आई म्हणाली. तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

मुलीने त्या चार बोटांवर आपलं बोट ठेवलं. मग मान वर करून तिने आईच्या भुवईवरच्या खुणेकडे पाहिलं. ती खरोखरच विचारात पडली होती, खेळाचा एखादा नियम समजला नाही म्हणजे मुलं पडतात तशी.

"पण आई, तू लपली होतीस, तर राज्य कोणावर होतं? तुला शोधत कोण होतं?"